पूर्वरंगात अडकलेला खून

"लेखकसाहेब, माझा खुनी कधी सापडणार?" पोलिसी मालिकेत प्रेताचं काम केलेल्या दिगंबरपंतांनी हात जोडून विचारलं. खुनाचा उलगडा झाला की फ्लॅशबॅकमध्ये त्यांना चार वाक्यं बोलायला मिळणार होती. तोवर तपासाच्या फळ्यावर त्यांचा फोटो तेवढा लटकत होता.

"थांबा हो, पंत. इन्स्पेक्टरसाहेबांचा मोडलेला साखरपुडा दाखवायचाय, बालपण दाखवायचंय. आधी माणूस कळायला नको?"

"आमचे कीर्तनकार बुवाही पूर्वरंगात रमतात," पंत म्हणाले, "पण आख्यान सांगितल्याशिवाय कुणाला घरी पाठवत नाहीत."

"पूर्वरंग! काय शब्द दिलात! आता महिनाभर साहेबांचा पूर्वरंगच!" लेखकाने फळ्यावरचा फोटो काढला आणि हार घालून साहेबांच्या दिवाणखान्यात लावला. "आजपासून तुम्ही साहेबांचे कैलासवासी वडील. बोलायचं काही नाही, पण दिसाल रोज."

"आणि माझा खून?"

"तो आता कुणाच्या लक्षात आहे?"

संध्याकाळी देवळात कीर्तनाला उभं राहताना बुवांनी उपरणं सावरत विचारलं, "पंत, सापडला का तुमचा खुनी? सगळं देऊळ वाट बघतंय."

"सापडला, बुवा. तोच मालिका लिहितो."