तयार हात

१९९८ साली मखमलाबादच्या शाळेत कुष्ठरोग तपासणीचं शिबिर होतं आणि मी तिथे तंत्रज्ञ होते. सकाळपासून जो तो एकच विचारत होता, “ताई, दुखत नाही, खाजत नाही, मग आजार कसला?” “काही जाणवत नाही, हेच तर याचं लक्षण,” हे उत्तर मी तोवर चाळीस वेळा दिलं असेल.

गुलाबाचा मळा असलेल्या ठमाबाई रांग सोडून पुढे आल्या आणि त्यांनी नव्या सुनेचा हात माझ्यापुढे धरला.

“हिला कायतरी मलम दे ताई. चार फुलं तोडली की रडती.”

“रगात येतं ओ, आत्याबाई,” सुवर्णा पुटपुटली.

“माझं बघ. दोन वर्षं झाली, काटा कसा तो टोचत नाय. हात तयार व्हावा लागतो, महाराणी.”

सुवर्णाच्या बोटांवर ओरखडे होते, बाकी काही नव्हतं. मी तिचा हात सोडला आणि तिच्या सासूचा धरला.

“मावशी, डोळे मिटा. पेनाचं टोक लागलं की ‘हो’ म्हणा.”

त्या हसत हसत डोळे मिटून बसल्या. मी बॉलपेन उघडलं.

 

“लाव की आता पेन, मार्केटला जायचंय,” ठमाबाई म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या तळहातावर, करंगळीच्या बाजूला, शाईचा पाचवा ठिपका उमटला होता.