पेव

निजामाचा जवान माझ्या गुरुलिंगाला धरायला आला, तवा म्या त्याला अंगणातल्या रिकाम्या पेवात उतरवून वर फरशी सारली होती. जमिनीखाली ज्वारी ठेवायची ती जागा, पुरुषभर खोल. चावडीवर तिरंगा लावला, एवढाच त्याचा गुन्हा.

“अम्मा, बेटा किधर है?”

“सासुरवाडीला. आईच्या हातचं आता गोड लागत न्हाय त्याला.”

त्याच दुपारी वैशाखातल्या वळवानं बोरी नदी फुगली आन् बघता बघता अंगणात शिरली. जवान माळवदाच्या जिन्यावर चढला. म्या फरशीवरून हलले न्हाय. पाणी घोट्याला लागलं, फरशीच्या फटीतनं बुडबुडे निघाया लागले.

“अम्मा, ऊपर आओ! मरना है क्या?”

बोलले तर पोरगं तुरुंगात जाणार, गप बसले तर माझ्याच पायाखाली बुडणार.

“माझ्या मरणाची काळजी करायला तू काय माझा जावई हायस?” म्या वरडले. “ये खाली! ही फरशी उचल, ल्योक हाय माझा आत!”

त्यानं बंदूक जिन्यावर टाकून उडी घेतली. डोईचा फेटा सोडून आत सोडला आन् गुरुलिंगाला वर ओढलं. तिघंबी माळवदावर चढलो. गावाच्या चारी वाटा पाण्याखाली. गुरुलिंग माझ्या मांडीवर डोकं ठेवून खोकत होता.

जवानानं मान खाली घातली. “पानी उतरे बाद इसको लेके जाना पडता, अम्मा.”

म्या पदर डोक्यावर घेतला आन् बोरीला हात जोडले, “बये, एवढ्यात उतरू नगंस.”