मागच्या गादीची ओल

वडगावच्या यमनाप्पाने घरचे दोन्ही हातमाग विकले आणि निपाणीच्या मारुतीरावाकडून जुनी मोटार घेतली. बेळगाव-खानापूर उतारू न्यायचे, एवढंच त्याचं साधंभोळं स्वप्न.

चौथ्या दिवसापासून मागची गादी डाव्या कोपऱ्यात ओली होऊ लागली. ते पाणी नव्हतं. कोमट, चिकट, शिळ्या घामाची आणि चघळलेल्या तंबाखूची ओल होती ती. त्याच्या बायकोने, चंपाबाईने, गादी राखेने घासली, उन्हात टाकली. मोच्याने वर नवं कातडं चढवलं; दुपारपर्यंत तेही घामेजलं. उतारू नाक दाबून अर्ध्या वाटेत उतरू लागले.

"शी! हात धुतला तरी वास जात न्हाय," चंपाबाई म्हणाली. "जावा, मोटार परत करा त्येला. न्हायतर दुसरी मागा."

यमनाप्पा निपाणीला पोचला.

"जुनी म्हटल्यावर खोड असायचीच की, अण्णा," मारुतीराव हसला. "मी सवता बसून बघतो. ओल लागली तर आत्ता परत घेतो. न्हाय लागली तर पुन्यांदा यायचं न्हाय. कबूल?"

"व्हय, कबूल."

यमनाप्पा पुढे स्टिअरिंगपाशीच बसून राहिला. पांढरंशुभ्र धोतर सावरत मारुतीराव मागे चढला, डाव्या कोपऱ्यापाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "जरा पुढं जाऊन बसा की, आक्का."

मग तो ऐसपैस टेकला. "बघा अण्णा, कोरडी ठणठणीत!"

यमनाप्पाच्या शेजारची रिकामी गादी सावकाश दबली, आणि त्याच्या मांडीला काहीतरी कोमट, चिकट लागलं.