खेळण्याचा पगार

दोघे साडू एकाच कंपनीत वैमानिक. थोरला मोठं विमान उडवायचा, धाकटा लहान, आणि पगार विमानाच्या आकारावर ठरायचा. सगळ्यांना मोठ्या विमानाचा पगार द्या, ही धाकट्याची मागणी थोरला दरवर्षी संघटनेच्या बैठकीत हाणून पाडायचा. वर सासूबाईंसमोर हसत म्हणायचा, "साडूबुवा, खेळण्याला एवढा पगार पुष्कळ झाला."

यंदा कंपनीने थोरल्याचं विमान विकलं आणि त्याला लहान विमानावर धाडलं. आता तीच मागणी त्याने स्वतः मांडली. मतं समसमान पडली, धाकट्याचं तेवढं उरलं.



धाकट्याने स्वतःच्या पगारवाढीवर पाणी सोडलं आणि विरोधात हात वर केला. "खेळण्याला एवढा पगार पुष्कळ झाला, दादा."