कमीचा आकडा

लॉकडाऊन उठला, धाटावची कंपनी सुरू झाली आणि तीन महिने अर्धपोटी काढलेला बुधा पुन्हा कासूहून शिफ्टच्या बसनं यायला लागला.

गेटवर वॉचमन कपाळासमोर ताप मोजायची बंदूक धरायचा. सोमवारी आकडा आला सत्त्याण्णव, मंगळवारी नव्वद, आज एक्क्याऐंशी.

"बिघडली काय ही?" बुधानं विचारलं.

वॉचमननं ती स्वतःच्या कपाळासमोर धरली. अठ्ठ्याण्णव.

"बरोबर हाय. शंभराच्या वर गेला तर घरी पाठवा, असं साहेब बोलले. कमीचं कोण काय बोललं नाय. चल, शिफ्ट चुकंल."

बुधा आत जाऊन आपल्या मशीनपाशी उभा राहिला. आजूबाजूला बसमधले सगळे मुकाट्यानं कामाला लागले होते. त्यांतल्या एकाचाही मास्क श्वासानं हलत नव्हता.

बुधाचा हात हळूच स्वतःच्या मास्ककडे गेला.