मुठी नसलेलं पातं

"ऐंशी हजार? लोखंडाच्या एका पट्टीला?" थोरल्याचा चहा मोबाइलवर सांडता सांडता राहिला.

पडद्यावर दोघांनी मिळून ओढायच्या जुन्या करवतीचं पातं होतं, चांगलं माणसाच्या उंचीचं. खाली लिहिलं होतं, 'मुठी नाहीत. घासाघीस करू नये.' नवी कोरी करवत मुठींसकट दोन हजारांत मिळते. जुन्या हत्यारांच्या या साइटवर लोक गंजक्या रंध्यालाही सोन्याचा भाव लावतात, हे पस्तीस वर्षं सुतारकी केलेल्या थोरल्याला ठाऊक होतं. पण हे म्हणजे अतीच झालं.

मग त्याने फोटो मोठा केला. डावीकडून चौथा दात अर्धा तुटलेला. धाकट्या भावाने लहानपणी खिळ्यावर करवत घालून तो तोडला होता आणि वडिलांची थप्पड थोरल्याने आपल्या गालावर घेतली होती.

वडील गेल्यावर वाटणीत याच करवतीवरून दोघा भावांची जुंपली. तापल्या डोक्याने थोरल्याने एक मूठ काढून घेतली, धाकट्याने दुसरी. सकाळी बघतात तर पातं गायब. तू चोर की मी चोर, यात नऊ वर्षं गेली. बोलणं बंद ते बंदच. जावा-जावांचं तर विचारूच नका, समोरासमोर आल्या तर रस्ता बदलायच्या. थोरलीने नऊ वर्षांत धाकटीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. बायको असावी तर अशी, असं थोरल्याला मनापासून वाटायचं.

"म्हणजे त्यानेच दडवलं होतं," तो म्हणाला. "आणि आता बापाची वस्तू बाजारात मांडलीय."

"मांडू द्या," बायको भांडी पुसत म्हणाली. "तुम्ही मात्र एक पैसा घालवायचा नाही. सांगून ठेवते."

नको म्हटलं की हटकून तेच करायचं, हा थोरल्याचा स्वभाव. बायकोला तो लग्नापासून पाठ होता.

त्याने लगेच विचारलं, 'चाळीसला देता का?'

उत्तर आलं, 'नव्वद.'

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी दात-ओठ खात त्याने लिहिलं, 'बरं, ऐंशी. पण माझ्याकडे चाळीसच आहेत.'

'चाळीस घेऊन रविवारी दहाला लाकडाच्या वखारीत या. उरलेल्याचं तिथे बघू.'

खरं सांगायचं तर पातं हा बहाणा होता. धाकट्याला समोर उभं करून त्याला एकदा कडाकडा भांडायचं होतं. नऊ वर्षांत भांडायलाही मिळालं नव्हतं, आणि आठवण तर रोज यायची.

रविवारी बायको सकाळीच बॅग घेऊन निघाली. तिच्या शिवणाच्या क्लासची सहल होती. दर गुरुवारी ती न चुकता क्लासला जायची. इतक्या वर्षांत घरात उशीचा एक अभ्रा शिवून आला नव्हता, पण एवढी चौकशी कोण करतो? तिची पाठ वळताच थोरल्याने मोठ्या कपाटातून पैसे काढले. हे कपाट ती कुणाला हलवू द्यायची नाही. रंगारी दोनदा घर रंगवून गेला, पण कपाटामागची भिंत तशीच राहिली. नोटा विजेच्या बिलाच्या पाकिटात कोंबून आणि मूठ काखेत मारून तो निघाला.

वखारीत एका ओंडक्यावर धाकटा बसला होता. कानाजवळचे केस पिकलेले, मांडीवर दुसरी मूठ.

"लाज नाही वाटत, बापाची करवत विकायला?"

"मी विकतोय?" धाकटा ताडकन उठला. "विकायला तू काढलीस. मी तर चाळीस हजार घेऊन आलोय. बायको नको नको म्हणत होती तरी."

दोघांनी मोबाइल पुढे केले. दोन्हींवर तेच निरोप, शब्दाला शब्द.

तेवढ्यात वखारीतला म्हातारा एक लांबलचक गाठोडं घेऊन आला. "पैसे इकडे द्या नि हे न्या. एकट्याला द्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

"कुणी सांगितलंय?"

"मी निरोप्या. मला नका विचारू."

थोरल्याने पाकीट दिलं, धाकट्याने औषधाच्या दुकानाची पिशवी. मग दोघांनी आपापली मूठ पात्याला चढवली आणि ओंडक्यावर करवत ठेवली. पहिल्याच झटक्याला ती अडकली.

"ढकलू नकोस रे. आपण फक्त ओढायचं, परतीचं समोरच्यावर सोडायचं."

"बाबांसारखं बोलू नकोस, दादा."

नऊ वर्षांनी 'दादा' ऐकून थोरल्याचे डोळे भरून आले. डोळ्यात भुसा गेला म्हणत त्याने ते पुसले. नंतर करवत अशी चालली की ओंडक्याचे दोन तुकडे कधी झाले, कळलंही नाही. दोघं भुशात बसून पोट धरून हसले.

"घरी चल चहाला," थोरला म्हणाला.

"वहिनी काय म्हणेल?"

"ती क्लासच्या सहलीला गेलीय. शिवणाच्या."

"आमची पण शिवणाच्याच सहलीला गेलीय," धाकट्याने सुटकेचा निःश्वास सोडला. "बरंच झालं. दोघींना जरा कलाकलाने सांगू. एकदम सांगितलं तर घर डोक्यावर घेतील."

"तुझ्या वहिनीचा राग माझ्या रागापेक्षा वाईट आहे," थोरला म्हणाला.

घरी आले तर सकाळी भिंतीला टेकून असलेलं मोठं कपाट आता हातभर पुढे ओढलेलं होतं. मागच्या जुन्या रंगावर, माणसाच्या उंचीची, दातांच्या ओरखड्यांची उभी रांग होती. एका टोकाकडून चौथ्या दाताची खूण तेवढी नव्हती.

दोघांचे मोबाइल एकदमच वाजले. विकणाऱ्याने फोटो पाठवला होता. बसच्या खिडकीशी दोघी जावा खेटून बसलेल्या, एकीच्या हातात विजेच्या बिलाचं पाकीट, दुसरीच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी, आणि खाली लिहिलेलं, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आम्ही समुद्र बघून पुढच्या रविवारी येऊ.'