रोशनीच्या नकला

चांदीप गावात काळूरामच्या ओटीवर टेकताच आशालताबाईंना वेखंडाचा वास आला आणि काय बोलायचं ठरवून आल्या होत्या, ते त्या क्षणभर विसरूनच गेल्या. दाराशी सहाण, सहाणेवर ओलं वेखंड, शेजारी मधाची बाटली. चार वर्षांच्या रोशनीच्या ओठांवर अजून चिकट रेघ होती. पोरीची जीभ सुटावी म्हणून तिची आई हंसा रोज सकाळी वेखंड उगाळून तिला चाटवत होती.

बाई गावातल्या शाळेत बालवर्गाच्या. वर्गातल्या प्रत्येक पोराच्या घरी एकदा तरी चहाला जायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता. पण आज त्या नुसत्या चहाला आल्या नव्हत्या. रोशनी वर्गात बोलत नाही, याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. तशी पोरं दरवर्षी असतात. पण परवा खिचडीच्या वेळी ताटांची चळत फरशीवर कोसळली, सगळा वर्ग दचकून उठला आणि ही बया पाठमोरी बसून निवांत मणी ओवत होती. तेव्हा बाईंनी विरारच्या दवाखान्यात सोमवारची वेळ घेतली. कान तपासून घेऊ, मी स्वतः सोबत येते, असं त्यांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं.

काळूराम म्हणजे रोशनीचा आजा. घरात त्याचाच शब्द चालायचा. त्याने नकारार्थी मान हलवली.

"तिचा बापूस पन पाच वरसांचा झाला तवा बोलला," तो म्हणाला. "आता गप बसत नाय."

कान तपासले की गावभर होणार, पोरीला कायमचं नाव पडणार, आणि उद्या तुमचीच शाळा म्हणणार की हिला दुसरीकडे न्या, असं त्याचं म्हणणं. हंसा सासऱ्यापुढे बोलत नसे. पण पोरीचं तोंड पुसता पुसता तिचा हात थांबला होता.

बाईंनी वाद घातला नाही. सहाणेकडे बघत त्या कुडाळच्या घराचं सांगू लागल्या. मागल्या दारी त्यांची आई अशीच वेखंड उगाळत बसायची. धाकटा भाऊ प्रल्हाद समोर जीभ काढून बसायचा आणि मधाच्या आशेने त्याच्याशेजारी बाईही. आई दोघांनाही बोट चाटवायची आणि वर म्हणायची, तुला कशाला गो, तू आधीच घर डोक्यावर घेतेस. प्रल्हाद बोलावा म्हणून गावातला एक देव नवसावाचून राहिला नाही. सगळे त्याची जीभ बघत राहिले, कान कोणी बघितले नाहीत. नवव्या वर्षी मुंबईला नेलं, यंत्र बसवलं, तेव्हा आवाज त्याच्या कानात शिरला, पण त्याचे शब्द काही होईनात. मागल्या दारच्या त्या सकाळी बाईंना अजून हव्याहव्याशा वाटायच्या, आणि त्याच सकाळी जीभ बघण्यात वाया गेल्या याची चुटपुटही अजून होती. दोन्ही त्यांनी तसंच सांगितलं. आता प्रल्हाद कुडाळला सुतारकाम करतो, चांगलं करतो, दर रविवारी फोनवर तोंड दाखवतो.

"मग तुमाला हाक कशी मारतो?" हंसाने विचारलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली होती.

बाईंनी दोन मुठी खांद्यांपासून खाली ओढून दाखवल्या. "लहानपणी मला दोन वेण्या असायच्या. तेच माझं नाव." स्वतःच्या पांढऱ्या, सुपारीएवढ्या अंबाड्यावरून हात फिरवून त्या हसल्या. "अजून तेच आहे."

हंसाने पदर तोंडाला लावला.

"बाई, राग नका मानू," ती म्हणाली. "ही घरात तुमची नक्कल करते."

कशी, म्हटल्यावर तिने एक बोट नाकावर टेकवून नसलेला चष्मा वर सरकवला. रोज सकाळी उठल्या उठल्या ही असं करते, रविवारी सुट्टी असली की असं करत रडते, आणि बाईंची थट्टा करते म्हणून आम्ही तिला ओरडतो, असंही तिने सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पण तो पुन्हा डोळ्यांवर चढवायला त्यांना बराच वेळ लागला.

"नक्कल नाही हो ती," त्या म्हणाल्या. "माझं नाव घेते. बाईंकडे चला म्हणून तुम्हाला सांगते."

काळूराम अंगणाकडे तोंड करून बसला होता. संध्याकाळी तो शेतावरून आला की रोशनी कुंपणाशी धावत यायची आणि तो तंबाखू मळतो तसा तळहातावर अंगठा चोळून दाखवायची. पोर तंबाखू मागायला शिकली, असं त्याला वाटलं होतं. गेल्या आठवड्यात त्याने तिच्या त्याच हातावर सणसणीत फटका दिला होता.

"सोमवारी किती वाजता निघायचं?" त्याने बाईंकडे न बघताच विचारलं.

आठला, बाई म्हणाल्या.

काळूराम उठला आणि रोशनीसमोर उकिडवा बसला. आपला रिकामा तळहात पुढे धरून त्याने त्यावर अंगठा चोळला, आणि मग तोच अंगठा स्वतःच्या छातीला लावला. रोशनीने आधी दोन्ही हात पाठीमागे लपवले. आज्याच्या तोंडाकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग एक हात तिने बाहेर काढला.